रिबिनीवरचं पान

अण्णा, काल मी तुमची पदकं लावून धाराशिवला गेले होते. माजी सैनिकांच्या कुटुंबांचा मेळावा होता. बोलावण्याच्या कागदावर लिहिलं होतं की जो गेला त्याची पदकं घरच्या माणसानं लावावीत, पण उजव्या बाजूला. डावी बाजू ज्यानं मिळवली त्याची. साडीला उजवीकडं सात पदकांची पट्टी टाचायची म्हणजे काय असतं ते तुम्हाला कळायचं नाही. तीन पिना लावल्या तरी पट्टी खाली लोंबत होती. एस.टी.त शेजारची बाई सारखी बघत होती. शेवटी न राहवून म्हणाली, "हे सगळं तुमचं?" मी म्हटलं, "वडलांचं." "मग तुमी कशाला घातलंय?" मी पट्टीवर पदर ओढून घेतला. खरं म्हणजे मी भीत होते. तिथं तुमच्या बरोबरीचं कुणी भेटेल, पट्टीवर बोट ठेवून विचारील, आणि मला सांगावं लागेल, ही भीती मी आपल्या ईट गावापासून धाराशिवपर्यंत मांडीवर घेऊन बसले होते.

कशाची भीती ते आधी सांगते. तिसऱ्या पदकाच्या रिबिनीवर कमळाचं एक पान होतं. धातूचं, ज्वारीच्या दाण्याहून थोडं मोठं. ते मी टाकलं. तुम्ही गेलात त्याला आता बरीच वर्षं झाली, पण मी हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा. तुम्ही दोन महिन्यांच्या सुट्टीवर आलेले. मी नऊ वर्षांची. गावात दिवसाआड टँकर येतो, आणि पहाटेपासून घागरी रांगेत लागतात. माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेलेली असतात, म्हणून घागरीमागं माणसाऐवजी दगड ठेवून रांग धरायची रीत पडली आहे. त्या दिवशी माझा नंबर खूप मागं आहे. ऊन डोक्यावर आलं आहे आणि मला कंटाळा आला आहे. मी सरळ पुढं जाते आणि म्हणते, "माझे वडील कॅप्टन हायत." एक बाई म्हणते, "साहेबाची लेक हाय, घेऊ द्या गं तिला." दुसरी म्हणते, "लढाईवर ही गेलती का तिचा बाप?" सगळ्या हसतात, पण वाट देतात. माझी घागर भरते. मी ती उचलून डोक्यावर घेते, वळते, आणि समोर तुम्ही.

"कितवा नंबर व्हता तुझा?" तुम्ही एवढंच विचारलंत. मग तुम्ही मला रांगेच्या अगदी शेवटी नेलंत. तिथं धनगरवाड्यावरची एक म्हातारी उभी होती. तिच्या घागरीत माझं सगळं पाणी ओतायला लावलंत. म्हातारी अवघडून गेली. "राहू द्या वो साहेब, लेकरू हाय." "लेकरू हाय म्हणूनच," तुम्ही म्हणालात. मग मी रिकामी घागर घेऊन तिच्याही मागं उभी राहिले. माझ्यापर्यंत येईतो टँकर संपला होता.

घरी जाताना तुम्ही बोललात. एरवी तुम्ही फार बोलत नसायचात. म्हणालात, "वरच्या विहिरीवर माझी आई पायरीखाली उभी राहायची. कुणाला दया आली तर वरनं वतायचे. न्हाय आली तर तशीच माघारी. आपल्याला रांगच नव्हती गं. आता सगळ्या गावासंगं एका रांगेत उभं राहायला मिळतंय, आन् ती मोडायला पयली आपलीच पोर?" हे वाक्य मला चाळिशीत समजलं. नऊ वर्षांच्या पोरीला एवढंच कळलं होतं की सगळ्या गावापुढं बापानं आपली शोभा केली, आणि घरात प्यायला पाणी नाही.

दुपारी तुम्ही पदकं पुसायचं काम माझ्याकडं दिलंत. ते मला दर सुट्टीत मिळायचं आणि आवडायचंही. खडूची पूड, कोरडं फडकं. "रिबिनीला पाणी लागू देऊ नको," असं तुम्ही दर वेळी बजावायचात. त्या दिवशी बजावलं नाहीत, घरात पाणीच नव्हतं. मी पुसत बसले आणि माझा राग काही उतरेना. पदक काढलं असतं तर लगेच कळलं असतं. पान सगळ्यांत लहान होतं. मागचे दोन काटे सरळ केले की ते सुटून हातात आलं. मला वाटलं, ही नुसती शोभा आहे, हे गेल्यानं काही बिघडत नाही. ते मुठीत धरून मी वरच्या विहिरीपाशी गेले. विहीर कोरडी ठाक होती, तळाचा भेगाळलेला गाळ वरून दिसत होता. मी पान आत टाकलं. पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

ते काय होतं ते मला कॉलेजात असताना कळलं, आणि तेही तुमच्याच तोंडून. तुम्ही निवृत्त होऊन गावच्या सहकारी दूध संस्थेत लागला होता. डेअरीत पाटलाची किटली असो की आमच्या वस्तीतली, तुम्ही आल्या नंबरानंच मोजायचात, आणि चेअरमनना ते आवडायचं नाही. पण नव्या इमारतीच्या उद्घाटनाला पुढारी येणार म्हटल्यावर त्यांना तुमची आठवण झाली. "कॅप्टनसाहेब, बिल्ले लावून या. जरा वजन पडतं." तुम्ही नाइलाजानं पेटीतून कोट काढलात. मी पट्टी टाचत होते. सहज विचारावं तसं मी विचारलं की यातलं मोठं पदक कोणतं. तुम्ही हसलात. म्हणालात, "ही तर राशनसारखी मिळतात. हे नऊ वर्षांच्या नोकरीचं, हे वीस वर्षांचं, हे बर्फात राहिल्याचं. लढाईत जो हजर व्हता त्या समद्यांना हे." मग तिसऱ्या रिबिनीवर तुमचं बोट थांबलं. तिथं दोन बारीक भोकं होती. "इथं एक पान असायचं. लढाईच्या अहवालात नाव आलं की मिळतं. तेवढंच काय ते माझं सोताचं."

माझ्या हातातली पिन बोटात घुसली. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत आणि म्हणालात, "जाऊ दे. लांबनं कुणाला दिसतंय."

त्या एका वाक्याशी मी चाळीसेक वर्षं झगडत आले, अण्णा. तुम्हाला माहीत होतं का? माहीत असून मला वाचवत होता, की मी सांगावं म्हणून वाट बघत होता? तुमच्या शेवटच्या आजारात मी रोज ठरवायची, आज सांगू. तुम्ही विचारायचात, "काय गं?" मी म्हणायची, "काय न्हाय. पाणी देऊ का?"

आणि काल मेळाव्यात ते झालंच. येडशीचे एक हवालदार, ऐंशीच्या घरातले, काठी टेकत आले. पट्टीवरून नजर फिरवून म्हणाले, "आमच्या कॅप्टनसाहेबाची लेक का तू? म्या त्यांच्याच तुकडीत व्हतो." आणि मला वाटलं होतं तसंच त्यांचं बोट तिसऱ्या रिबिनीवर गेलं. "पान कुठंय?"

मी म्हटलं, "हरवलं, काका."

"कितवं?"

ते हसायला लागले, हसता हसता खोकायला लागले. मी त्यांना खुर्चीवर बसवलं. "आगं, पयलं गेलं नदीत, कपडे धुताना. दुसरं माझ्या हातनं गेलं, इस्तरी करताना. म्या रडकुंडीला आलो तर साहेब म्हणले, येड्या, जा, शिंप्याकडनं दुसरं आण. छावणीच्या शिंप्याकडं डबाभर असायची ती. तिसरं म्याच टाचलं व्हतं. पान हरवतंच गं. कागदावरचं नाव हरवत न्हाय."

मग त्यांनी मला ते सांगितलं जे तुम्ही कधी सांगितलं नाहीत. गोळे पडत होते, पुढच्या ठाण्याची टेलिफोनची तार तीनदा तुटली, तिन्ही वेळा तुम्ही सरपटत जाऊन जोडून आलात. "तिसऱ्या खेपंला आलं ते शिव्या देतच आलं. आमाला न्हाय, तारंला." तुम्ही शिव्या द्यायचात हेही मला कालच कळलं.

मी धीर करून विचारलं, तिसरं पान गेल्यावर ते रागावले होते का. म्हातारा आठवत राहिला. "दुष्काळात गावाकडनं आले तवा न्हवतं बघ पान. म्या म्हणलं, आणू का? म्हणले, नको, घरी ऱ्हायलंय. राग कसला, हसत व्हते की."

येताना एस.टी.त खिडकीपाशी जागा मिळाली. मी पदकं काढून पिशवीत ठेवली, चप्पल काढून पाय वर घेतले, आणि भूमपर्यंत झोपले. प्रवासात मला कधी झोप लागत नाही. अंगातून काहीतरी उतरलं होतं. घरी आल्यावर दोन भाकरी खाल्ल्या. आज सकाळी उठून हे लिहायला बसले. तुम्हाला ठाऊक होतं की नव्हतं ते मला आताही माहीत नाही, पण आता तो प्रश्न टोचत नाही. तुम्ही हसत होता, तेवढं मला पुरतं.

हा कागद कुठं धाडायचा नाही, म्हणून आणखी एक लिहिते. हवालदारकाकांनी निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पुन्हा विचारलं, "तिसरं हरवलं कुठं म्हणं?" आजूबाजूला कुणी नव्हतं. खरं सांगितलं असतं तर ते हसलेच असते, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी म्हटलं, "काय माहीत, काका. घरातच कुठंतरी पडलं असंल."