मर्वची अडकलेली बारी

कुरूंबा,
मार्च सरत आला.

ती. विनी वन्सं यांस,

डल्सीचा वाकून नमस्कार. (गुडघे वाकायचे बंद झालेत, तेव्हा कागदापुरती वाकले असं समजा.) तुमचा खुबा कसा आहे? नवा बसवलेला जुन्यापेक्षा बरा चालतो असं तुम्ही लिहिलंत, वाचून बरं वाटलं. आता पर्थमध्ये आहातच तर तेवढी जीभही बदलून घ्या, म्हणजे सगळी गाडीच नवी होईल. रागावू नका. चेष्टा करायला घरात दुसरं कुणी उरलं नाही आणि कोंबड्यांना चेष्टा कळत नाही. माझं म्हणाल तर खाते, झोपते, उठते. पाऊस नाही. पाण्याच्या टाकीवर टिचकी मारली की वरपासून खालपर्यंत ढण्ण वाजतं. तारेवर काकाकुवा येऊन बसतात, तेही हल्ली भांडत नाहीत.

मर्व गेला तेव्हा खुब्यामुळं तुम्हाला येता आलं नाही, ते मी मनात ठेवलेलं नाही. पण तुमच्या भावाचं एक काम मागं राहिलं होतं. ते पार पडलं. निदान मी तरी पार पडलं असं म्हणते. तुम्ही ऐका आणि काय ते ठरवा.

क्लेम आणि डग तुम्हाला आठवत असतील. क्लेम म्हणजे तो उंच, मेंढ्या कातरणारा, तुमच्या लग्नात केकवर बसला तो. डग शाळेची बस चालवायचा, डाव्या कानानं ठार बहिरा. हे दोघं आणि तुमचा भाऊ, तिघं उभा जन्म पबातल्या एकाच टेबलाशी बसले. एकदा क्लेमनं तिघांना पाजायची, मग डगनं, मग मर्वनं, की पुन्हा क्लेम. इथली माणसं चर्च चुकवतील, बायकोचा वाढदिवस चुकवतील, पण बारी चुकवणार नाहीत. बारी चुकवणाऱ्याचं नाव नातवाच्या लग्नातसुद्धा निघतं. तर त्या संध्याकाळी क्लेमची झाली, डगची झाली, मर्व आपल्या बारीला उठला आणि तेवढ्यात आगीचा भोंगा झाला. कुणाच्या तरी शेतातला पेंढा पेटला होता. गावचा बंब हीच माणसं चालवतात, म्हणून तिघंही बंबावर धावले (धावले म्हणजे काय, एकमेकांना धरून चढले), आग विझली, काळीठिक्कर तोंडं घेऊन जो तो घरी गेला. बारी राहिली. दुसऱ्या दिवशी मर्व शेडमधून आत आला, चहा टाक म्हणाला आणि खुर्चीत बसल्या बसल्या गेला. सगळ्या आयुष्यात त्यानं पहिल्यांदा चहा गार होऊ दिला.

आता गंमत बघा. गंमत म्हणजे तशी नाहीच. त्यानंतर क्लेम आणि डग पबात जायचे, त्याच टेबलाशी बसायचे आणि काहीच प्यायचे नाहीत. बारी मर्वची. मर्वला ओलांडून क्लेमनं पाजली तर मर्व बुडवा ठरला. दोघं आपले समोरासमोर लिंबाचं सरबत घेऊन बसायचे, दातदुखी झालेल्या माणसांसारखे. मी ऐकलं तेव्हा आधी हसले. मग धुवायचे कपडे तसेच टाकून उठले. मग टोपी घालून पबात गेले, म्हटलं, घ्या रे बाबांनो, मर्वची बारी मी देते. क्लेमनं माझी खुर्ची पुढं ओढली, मला बसवलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला की डल्सी, तू भली बाई आहेस, पण तू काही मर्व नाहीस. (हे एवढ्या वर्षांत कुणी न सांगता मला कळलं होतं, पण असो.)

मग मला शेडमधलं पिंप आठवलं. तुमचा भाऊ घरी बीअर करायचा हे तुम्हाला माहीत आहे, बापाकडून उचललेली एवढी एकच विद्या. जायच्या आधी त्यानं एक पिंप भरून ठेवलं होतं, काळ्या बीअरचं. त्याच्या हातची बीअर म्हणजे त्याचीच बारी, यावर क्लेमचंही काही म्हणणं नव्हतं. पण इथल्या उन्हाळ्यात शेडमधली बीअर म्हणजे तापलेल्या माणसाला दिलेला काढा. ती गार करायची कशात? तर मर्वनं त्याचीही तयारी करून ठेवली होती, माझ्या जिवावर. माझा उभा फ्रीझर, कपाटासारखा, तो त्यानं मी केस कापायला गेले असताना रिकामा केला. अर्धी मेंढी, वाटाणे, माझे जर्दाळू, सगळं गल्लीत वाटून टाकलं. आत पिंप ठेवायचं, दाराला भोक पाडून बाहेर तोटी काढायची, म्हणजे शेडमध्ये बसून तोटी फिरवली की गार बीअर, असा बेत. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, ते त्याला ठाऊक होतं, म्हणून नाही विचारलं. असा समजूतदार नवरा. दाराला भोक तेवढं पाडून झालं होतं. ते पाडून शेडमधून आला तो चहा मागायलाच.

घाई का, तर क्लेमची छाती. जन्मभर लोकरीची आणि धुळीची हवा ओढली, आता फाटकापर्यंत चालला तरी भिंत धरतो. त्याची लेक लेनोर, तुमच्याच पर्थमध्ये नर्स आहे ती, तिनं त्याचं घर विकायला काढलं आणि मार्चमध्ये न्यायला येते म्हणून कळवलं. गेलेला माणूस तिथून परत येत नाही हे सगळ्यांना माहीत होतं, क्लेमला सगळ्यांत जास्त. तो एवढंच म्हणाला, "मर्वची घेतल्याशिवाय मी गाडीत बसणार नाही." म्हणजे झालं. मी, एक बहिरा आणि एक धापा टाकणारा, असे आम्ही तिघं कारागीर कामाला लागलो.

फ्रीझरच्या आत जाळीच्या फळ्या असतात. त्या काढल्याशिवाय पिंप उभं राहीना. कपाटाच्या फळ्या निघतात तशा निघतील म्हणून ओढल्या, निघेनात. डगनं ग्राइंडर आणला आणि डोकं आत घालून कापायला लागला. फ्रीझरचा सगळा गारवा त्या फळ्यांच्या नळ्यांतूनच फिरतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. फूस्स झालं. क्लेम ओरडतोय, मी ओरडतेय, डगचा डावा कान आमच्याकडे, तो आपला दुसरी फळी कापतोय. जेव्हा बाहेर आला तेव्हा कौतुकाच्या अपेक्षेनं आमच्याकडे बघायला लागला. क्लेमनं टोपी काढून हातात घेतली. घरातला वर्षातला दुसरा मृत्यू.

दुसरा फ्रीझर आम्ही कचराडेपोवरून आणला. चालू होता, फक्त आत मासळीचा वास. (तो अजून आहे. माझ्या पायपुसण्यालाही आहे.) ह्या खेपेला कापायचं नाही, वाकवायचं असं ठरलं. क्लेम उलट्या पेटीवर बसून सांगायचा आणि डग करायचा. अरे, दामटू नकोस, मेंढीला वळवतात तशी वळव, गुडघा लाव आणि तिलाच वळू दे. बसवाल्याला मेंढीचं काय कळणार, तरी पण वाकल्या हो फळ्या, एकेक करून मागं गेल्या आणि नळी एकही मोडली नाही. मग मी आडवी आले. म्हटलं, नवं भोक पाडायचं नाही. मर्वनं पाडलंय त्याच भोकातून बीअर येईल. म्हणजे जुन्या फ्रीझरचं दार नव्याला. ते बसेना. खाली बोटभर फट राहिली आणि दार मिटेना. शेवटी ट्रकचा पट्टा आवळून मिटवलं आणि फटीत क्लेमनं घरची लोकर कोंबली. दिसायला असं दिसायचं की कुणीतरी मेंढीला उभी करून आत कोंडलंय आणि तिचे पाय बाहेर आलेत.

आता फ्रीझर तो फ्रीझर, त्याला गोठवण्यापलीकडे अक्कल नाही. म्हणून बीअर करणारे लोक बाहेर एक डबी लावतात. तिला उंदराच्या शेपटीसारखी तार असते. ती आत सोडली की डबीला आतली थंडी कळते आणि पुरे झालं की ती फ्रीझर बंद करते. हे काम डगकडे दिलं, कारण बसमध्ये पंखा लावायचं काम त्यानंच केलं होतं. डगनं ती शेपूट नीट गुंडाळून शेडच्या खिळ्याला अडकवली. का, तर डबीला गरमी कळली पाहिजे ना, गरमी बाहेर आहे, आत कुठाय? मी त्या शेडमध्ये दिवसातून चारदा जात होते आणि ती शेपूट मला दिसली नाही, म्हणजे मीही तेवढीच हुशार. बाहेर ऊन असं की कोंबड्या चोच उघडून उभ्या. डबीला वाटलं सगळं जगच तापलंय. तिनं फ्रीझर क्षणभरही थांबू दिला नाही.

आणि लेनोर आली. सांगितलं होतं त्याच्या आदल्या दिवशी, नर्स लोक तसेच. गाडी फाटकाशी उभी, क्लेमची एक सुटकेस तिच्यात, बाकी सगळं विकलेलं. ती म्हणाली, बाबा, ऊन चढायच्या आत निघू. क्लेम म्हणाला, एक काम आहे, आणि भिंत धरत धरत माझ्या शेडमध्ये आला. डग पेले घेऊन उभा. मी तोटी फिरवली. काही नाही. अजून फिरवली. डगनं भोकात बोट घालून बघितलं. मग मी पट्टा सोडला, दार उघडलं, पिंपातला वायू सोडून झाकण काढलं आणि आत बघितलं तर तुमच्या भावाची काळी बीअर, लापशी होऊन बसलेली.

वन्सं, मी ह्या घरात पुष्कळदा रडायचं टाळलंय. तेव्हा रडणार होते. पण लेनोर किल्ल्या वाजवत उभी होती आणि तिच्यासमोर रडायचं म्हणजे तिनं माझी नाडी बघितली असती. मी आत गेले, ख्रिसमसच्या पुडिंगच्या वाट्या आणल्या, चमचे आणले आणि पिंपात डाव घालून वाढायला लागले. डग म्हणाला, पाजली म्हणायला प्यायला लागते, ही खातोय आपण, ही धरायची का? बारीचा कायदा निघाला. लेनोर म्हणाली, हा काय पोरखेळ आहे? क्लेमनं एक चमचा तोंडात घातला, विरघळू दिला, गिळला आणि म्हणाला, "मर्वनं दिली. आपण घेतली." मग डगनंही वाटी उचलली. टेबलाला तिघं लागतात म्हणून तिसरी वाटी माझ्याकडे सरकवली. आम्ही उभ्या उभ्या खाल्ली. बर्फाच्या खाली जो रस उरला होता तो फार कडक निघाला, क्लेमच्या गालावर रंग आला. फ्रीझर घरघरत होता.

मग क्लेमनं वाटी ठेवली, तोंड पुसलं, लेनोरचा हात धरून गाडीपर्यंत गेला. बसला. काच खाली केली. म्हणाला, "पुढची माझी." आणि लेनोरनं गाडी सोडली.

धूळ खाली बसेपर्यंत डग रस्त्यावर उभा होता. मला वाटलं त्याला ऐकूच आलं नाही. मग तो वळून म्हणाला, "मुद्दाम केलं त्यानं."

आता डग पबात जातो आणि लिंबाचं सरबत घेतो. बारी क्लेमची आहे. क्लेम तीन दिवसांच्या वाटेवर आहे. पण कुणी विचारलं की डग सांगतो, क्लेमची राहिलीय, येईल तेव्हा देईल. मेलेल्याला थांबणं वेगळं आणि जित्याला थांबणं वेगळं, वन्सं. सरबत तेच, पण चव वेगळी लागत असणार.

बाकी ठीक. तुमच्या नव्या खुब्याला आशीर्वाद, जुन्या जिभेला नमस्कार.

तुमचीच खोडकर भावजय,
डल्सी

ता.क. एक गोष्ट डगला बोलू नका. न्हाणीच्या टबात बर्फ घालून पिंप ठेवलं असतं तर एका दुपारी बीअर गार झाली असती. मला ते पहिल्या दिवशीच सुचलं होतं. पण मग ते दोघं रोज सकाळी आले नसते, शेडमध्ये ठोकाठोक झाली नसती आणि मला कुणी चहा मागितला नसता.

ता.क. दुसरी. हे पत्र खरं ज्यासाठी लिहिलं ते आता लिहिते. लेनोरचं घर तुमच्यापासून लांब नाही, मी नकाशात बघितलं. क्लेमला भेटायला जा. दर आठवड्याला जा. त्याला कुरूंबाच्या गोष्टी सांगा, खोट्या सांगितल्या तरी चालेल, त्याला तशाच आवडतात. पण तो म्हणाला, चल विनी, तुला एक पाजतो, तर काही झालं तरी घ्यायची नाही. ती बारी इथली आहे. ती तिकडं फिटता कामा नये.

ता.क. तिसरी. आणि एखाद्या दिवशी तो अंथरुणातून उठेनासा झाला आणि लेनोरच्या तोंडावरून तुम्हाला कळलं, तर मात्र त्याला पाजू द्या. तीन पेले मागवा. तुम्ही थेंबाला शिवत नाही हे ठाऊक आहे, त्या दिवसापुरतं शिवा. एक क्लेमचा, एक डगचा, एक माझा, त्याला त्याचा नाही गेला तर तिन्ही तुम्हीच संपवा. आणि मग मला फक्त एवढंच लिहा की आता बारी डगची.