सव्वा किलोची लेक

मिरा रोड, पूनम सागर
४ फेब्रुवारी २०२५

ती. आईस,
समिधाचा वाकून नमस्कार.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहून तुझ्या जावयाच्या, भूपेशच्याच हाती देतेय. तिसाव्या आठवड्यातच आलेली तुझी नात आज नऊ दिवसांची झाली. वजन सव्वा किलो. काचेच्या पेटीत असते. मध्येच श्वास घ्यायचं विसरते, मग यंत्र वाजतं आणि नर्स तिच्या तळव्याला हळूच टिचकी मारते. मी दूध काढून देते, ते नळीने तिच्या पोटात जातं.

डॉक्टर म्हणाल्या, आता ती स्थिर आहे, उद्यापासून तिला छातीवर घ्या, आईच्या उबेने श्वास सुधारतो. मी नको म्हटलं. आई, कातडी इतकी पातळ की शिरा दिसतात. माझ्या पोटातही तिला पुरतं राहता आलं नाही, आता माझ्या हातून आणखी काही झालं तर? भूपेश रागावलाय.

माया असू दे.
तुझी समिधा


राई, ६ फेब्रुवारी

चि. समिधास,
आईचे भरभरून आशीर्वाद.

बोंबलाची चटणी पाठवलीय. तू मागितली न्हायस, पण मागणार होतीस.

एक गोष्ट तुला कधी सांगितली न्हाय. तुझ्या आधी मला मुलगा झालेला, सातव्या महिन्यात. सुईण म्हणाली, कापसात ठेव, हात लावू नको. मी ऐकलं. चार दिवस नुसती बघत बसले. पाचव्या दिवशी तो गेला, तेव्हा पहिल्यांदा त्याला उचलला. घेतला असता तर वाचला असता का, मला म्हाईत न्हाय. पण मला कुणी घे म्हटलंच न्हाय. तुला डॉक्टरीणबाई सांगतायत, तर घे. आणि भूपेशवर चिडू नको, तो पण घाबरलेला हाय.

तब्येत सांभाळ.
तुझी आई


मिरा रोड, १० फेब्रुवारी

ती. आईस नमस्कार.

तुझं पत्र वॉर्डबाहेरच्या बाकावर तीनदा वाचलं. मग हात धुऊन आत गेले. नर्स मनोरमाताईंनी टोपी आणि लंगोट एवढ्यावरच तिला माझ्या उघड्या छातीवर उभी ठेवली आणि वरून कापड बांधलं. त्या म्हणाल्या, "ताई, आता तुम्हीच तिची पेटी."

पहिल्या दिवशी तासभर यंत्र वाजलं नाही. आज मात्र दोनदा वाजलं. मीच तिची पाठ चोळली, तशी ती परत श्वास घ्यायला लागली. घरी न्यायला अजून काही आठवडे आहेत, धोका टळला असं डॉक्टर म्हणत नाहीत. भूपेशनेही तिला छातीवर घेतलं.

मी मनोरमाताईंना विचारलं, आजीने घेतलं तर चालेल का? सर्दी नसेल तर चालेल, म्हणाल्या. रविवारी ये. बांगड्या काढाव्या लागतील, कुरकुर करू नकोस.

वाट पाहतेय.
तुझी समिधा


राई, १७ फेब्रुवारी

चि. समिधास व नातीस आशीर्वाद.

काल तिचा श्वास माझ्या गळ्याला लागत होता. पाय बधिर झाला तरी मी हलले न्हाय.

घरी आल्यावर तुझ्या बाबांनी विचारलं, कशी हाय? आपल्या त्या गेलेल्या पोराला त्यांनी दारातूनच बघितलं होतं. म्हटलं, पुढच्या रविवारी तुम्हीच जा.

आज सोमवार. ते नखं कापून बसलेत.

तुझी आई