गोठा यंदाही जमिनीवरच

लाडक्या ऑलिंदास,

थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. तुझे गुडघे, तुझं ब्लडप्रेशर आणि तुझा पोपट (हयात असेल तर) सुखरूप असोत, अशी मारियामातेला रोज विनवणी करते. मी ठणठणीत आहे. निदान उभी असते तेव्हा तरी.

तर झालं असं, इथल्या दवाखान्यात व्यायाम शिकवणारी नवी मुलगी आली आहे. तिनं आम्हा म्हाताऱ्यांची परीक्षा घेतली. जमिनीवर बसायचं आणि उठायचं. गुण दहा, पाच बसण्याचे, पाच उठण्याचे; हात किंवा गुडघा टेकला की दरवेळी एक वजा. बसले मी इतकी झटकन की खिडकीची तावदानं हादरली. (तरी पाचातले दोनच दिले. या पोरींना वेगाची कदर नाही.) उठताना मात्र दोन्ही हात, दोन्ही गुडघे आणि शेवटी तिचा पांढरा कोट, एवढं सगळं लागलं. ही बातमी तिकडे बेलो होरिझोन्ते शहरात पोचली आणि माझी मार्लेनी तडक बस धरून आली. म्हणाली, "आई, पुरे झालं हे एकटं राहणं. नाताळ झाला की घराला कुलूप आणि तू माझ्याकडे. आणि यंदा येशूजन्माचा गोठा टेबलावर मांडायचा." आपल्या आईचा मातीचा गोठा टेबलावर! बाळ येशू काय जेवायला आलाय? मी अशी भांडले की शेवटी ती नमली, पण अट घालूनच. नाताळच्या आदल्या संध्याकाळी तिच्यासमोर गोठा जमिनीवर मांडायचा आणि खुर्ची-टेबल न धरता उठायचं. उठले तर घर माझं.

ती गेली आणि मी सरावाला लागले. मंगळवारी गोठ्यासाठी शेवाळ पसरलं, मातीचा बैल ठेवायला गुडघ्यांवर टेकले, आणि तिथंच राहिले. तेवढ्यात शेजारची झुल्मिरा गरम चीजपाव घेऊन आली. तिला वाटलं मी प्रार्थनेत आहे. बिचारी डोक्यावर रुमाल घेऊन शेजारी टेकली. लाजेनं मी रोझरीची जपमाळ सुरू केली. एक झाली, दुसरी झाली. ही उठली की हिला धरून उठावं, असा माझा बेत. तिसरीच्या मध्यावर ती कुजबुजली, "दोरव्हालिना, नवस तरी केवढा गं तुझा? मी केव्हाची तुझ्या उठण्याची वाट बघतेय!" मग आम्ही एकमेकींचे हात धरले, हसून हसून दोनदा खाली बसलो, आणि तिसऱ्यांदा उठलो. चीजपाव पार गार झाले होते, पण खाल्ले.

बाकी सर्व क्षेम.

तुझी,
दोरव्हालिना

ता. क. झुल्मिरा नाताळला मुलाकडे चालली आहे. मार्लेनीनं खुर्ची-टेबल धरायचं नाही म्हटलंय. बहिणीचं नाव काढलेलं नाही. चोवीस तारखेच्या आत ये. पोपटालाही आण.

आणखी एक. गोठा मांडून झाला की आई आपल्या दोघींच्या खांद्यांवर हात टाकायची, आठवतं? आपल्याला वाटायचं, लाड करतेय. मंगळवारी कळलं मला, ती उठत होती गं. हे घर मला सोडवत नाही.

आणि अक्षर वाकडं आलंय ते कागद मांडीवर असल्यामुळे. मी जमिनीवर आहे. झुल्मिरा चार वाजता येते, काळजी करू नकोस. पण ये.