मोटारीतनं मोजलेली वाट पायी मोजून मिळण्याबाबत

प्रति,
मेहेरबान मोठे साहेब,
शाळाखाते, मुक्काम भोर.

अर्जदार : सारजाबाई भ्रतार हैबती, वय सत्तरीच्या आसपास, धंदा मेंढरं, राहणार आखाडमाळ वाडी, भोंगवलीच्या वर.

विषय : शाळेची वाट सरकारी मोटारीच्या वेगानं आखूड भरली, ती पायी मोजून वाडीला शाळा मंजूर होण्याबाबत.

संदर्भ : आधीचा एक अर्ज, त्यावरचा जवाब आणि लोकरीचा एक गुंडा.

महाराज,

१. अर्जदार म्हातारी हात जोडून खरी हकीकत कळवते. वाडीत शिकण्याजोगी अकरा पोरं हाईत. त्यातली अर्जदाराची नात भागू, वय आठ, ही एकटीच भोंगवलीच्या शाळंत जात व्हती. गेल्या श्रावणात वढ्याच्या पाण्यानं तिला वढली. ती बाभळीच्या मुळीला धरून राहिली म्हणून सापडली. पाटी गेली. तवापासून तिचा बाप रायबा म्हणतो, शाळा वाडीत आली तर पोरगी शिकंल, न्हाईतर होळीनंतर मेंढरांमागं जाईल. त्याचंबी काय चुकलं? म्हातारीनं त्याला होळीपावेतो थोपवून धरलाय.

२. कायदा असा की जवळची शाळा तीन मैलांच्या पल्याड असंल तरच नवी शाळा मिळते. सबब एक साहेब शाळेपासनं वाट मोजायला मोटारीतनं आले. मोटार वढ्याअलीकडंच उभी राहिली. वरची चढण सायबांनी काच खाली करून नजरंनं पाहिली, आन मोटारीच्या मैल मोजायच्या घड्याळात दिसले ते पावणेतीन मैल लिहून माघारी गेले. चढण मोजायची राहिली, असा अर्ज केला. जवाब आला की मोटारीचं घड्याळ खोटं बोलत न्हाई. अर्जदार बोलते, हे मात्र पंचक्रोशीला ठावं हाय. आपले कारकून किकवीचे. अर्जदाराची मेंढरं एक वरीस लांडग्यानं राखली आन त्याला लेकाच्या लग्नात मानाचा फेटा बांधला, ही गोष्ट त्यांनी लहानपणी अर्जदाराच्याच तोंडून ऐकलेली. ती खरी मानली. चढणीची मानत न्हाईत.

३. तवा अर्जदारानं दोन हिवाळे चातीवर कातलेली सगळी लोकर काढली. एक टोक वाडीतल्या लिंबाला बांधलं आन धागा सोडत सोडत शाळेच्या उंबऱ्याशी नेला. परतताना गुंडाळत आली. वढ्यात पाय सरकला, गुंडा भिजला. घरी येऊन चुलीपाशी वाळवला, पाटीत घालून डोक्यावर भोरला आणला. दोन शिपाई दिवसभर व्हरांड्यात येरझाऱ्या घालून धागा मोजत व्हते. भरला पावणेतीन मैल, वर चार हात. कारकून हसले न्हाईत, हे जास्त लागलं. म्हणाले, "आजी, तुमचाच धागा सायबांच्या बाजूनं बोलतोय." नवं घोंगडं पहिल्या पाण्यात आटतं, हे शेंबड्या पोरालाबी कळतं. जल्मभर लोकर कातलेल्या म्हातारीला त्या दिशी कळलं न्हाई.

४. भोरहून परतताना म्हातारी भोंगवलीच्या शाळेच्या पायरीवर बसून राहिली, तवा कुंडलिक मास्तरांनी (हा अर्ज तेच लिहितात, सांगंल तसाच लिहायच्या बोलीवर) धीर द्यायला एक गोष्ट सांगितली. पळण्यात उजेडाच्या बरोबरीला येईल असं जहाज आभाळातनं सुटलं, तर खालच्यांना ते दाबल्यागत आखूड दिसंल. आतल्यांना त्याचा पत्ता न्हाई. त्यांच्या लेखी जहाज जितंच्या तितं, उलट खालची जमीनच आखूड भरंल. आन दोघंबी खरं बोलत असतील. जहाज थांबलं की सगळं पहिल्यासारखं. अर्जदाराचा जल्म थापा मारण्यात गेला, तिला थाप वासावर कळती. ही थाप न्हाई. थापाड्यानं जहाज परत पुरं लांब केलं नसतं.

मास्तरांनी बजावलं की मोटारीच्या चालीला हा फरक केसाच्या लाखाव्या वाट्याएवढाबी न्हाई, अर्जात घालू नका. पण मास्तरांनी सायबांचा डायवर बघितलेला न्हाई. कापूरहोळच्या वळणावर गेनूची कोंबडी त्या मोटारीला आडवी गेली, ती अजून कुणाला गावली न्हाई. सबब सायबांना वाट आखूड भरली यात त्यांचा दोष न्हाई. घड्याळबी खरं बोललं. फक्त शाळंत जाणारी पोरं मोटारीत नसतात.

५. तरी आपण एकवार पायी यावं. साखळी नको, दोरी नको. भागूचं बोट धरून शाळेपासनं वाडीपावेतो चालावं, पाय दुखतील तितकी वाट लिहावी. तुमी जी लिहाल ती अर्जदार मान्य करंल, आखूड लिहिली तरी.

मास्तर आणिक सांगतात की त्या जहाजात काळबी हळू चालतो. मोटारीत बसणाऱ्यांना होळी अजून लांब वाटत असंल. हितं एक्केचाळीस दिस राहिलेत.

पायवाटंकडं डोळे लावून बसलेली,
आपली नम्र अर्जदार

सही : सार
(पुढचं अक्षर नातीकडून शिकायचं राहिलं.)

तारीख १३ माहे फेब्रुवारी सन १९३७

सोबत : काही न्हाई. गुंडा आपल्याच कचेरीत हाय. अर्ज नामंजूर झाल्यास तो होळीच्या आत परत मिळावा. पोरीला मेंढरांमागं उघड्या रानात निजावं लागंल, आन घोंगडं विणायला घरात तेवढीच लोकर हाय. ती आता आणखी आटायची न्हाई.