सप्तनद्या आणि आमची मोरी

बारामती,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८७७

चि. माधव यास आशीर्वाद.

तुझी प्रकृती, मुलांची पोटे आणि इंदापुराकडचा तुझ्या देखरेखीखालचा कालवा, तिन्ही सुरळीत असतील असे धरून चालतो. इकडे तुझी भाची सुधा पहिल्या बाळंतपणाला आली आहे, खुशाल आहे.

आता एक गंभीर तक्रार. स्नानाला बसताना मी सप्तनद्यांना आवाहन करतो, हे तू जाणतोसच (आणि दाराआडून हसतोसही). इतकी वर्षे त्या येत आणि आपापल्या वाटेने जात. हल्ली येतात, पण जात नाहीत. घोटाभर पाण्यात उभे राहून अंग पुसावे लागते. सिंधूवर शिकेकाई तरंगत असते.

मोरीचे पाणी खापरी नळाने, परसातल्या आडाच्या कडेने, मागच्या गल्लीतल्या गटारात जाते. तुळशीच्या लग्नाला तुझ्या बहिणीने नवे दगडी वृंदावन बसवले ते नेमके या नळावर. (जागा पंचांग पाहून ठरवली होती, पंचांगात नळ दाखवलेला नसतो.) हिंदुराव गवंड्याला बोलावले, तर नळ न पाहताच म्हणाला, "मास्तर, समदं उकरायचं. सिमिटाचा नळ टाकू, नातवंडांपत्तूर बघाया नको."

"पण बिघडलंय कुठं?"

"उकरल्याबिगर कसं कळंल?"

रोग कळावा म्हणून आधी रोगी चिरायचा, ही पद्धत मला नवी. म्हटले, बांबूची कांब घालून ढोसले तर? "तुंबलं आसंल तर निघंल. फुटलं आसंल तर आनखी फुटंल." बरे, तेवढाच फुटका तुकडा बदलला तर? "त्यो तुळशीखाली आसनार. बाईस्नी इचारा."

विचारले. तांदूळ निवडता निवडता तिने नुसते वर पाहिले. त्याचा अन्वय असा लागला, की वृंदावन हलणार नाही, हलायचे तर मी हलावे.

तेव्हा नळ तुंबला की फुटला, हे कंत्राट देण्याआधी आपणच शोधावे असे ठरवले. धोतरांची नीळ बादलीभर पाण्यात कालवून मोरीत ओतली आणि गल्लीत गटाराशी उकिडवा बसलो. (येणारेजाणारे, "मास्तर, काय हरवलं?") निळे पाणी काही आले नाही. मोरीतले मात्र हळूहळू ओसरले. म्हणजे ते कुठेतरी गेले. कुठे, हा प्रश्न मला दिवसभर पुरला. अलीकडे वर्गातसुद्धा इतका रस वाटला नव्हता.

तुझा दाजी,
चिंतामण

ता. क. एकदा येऊन नळाचा ढाळ बघून जा, म्हणजे हिंदुरावाशी काय बोलायचे ते कळेल. वृंदावनाचे इंदिरेला तूच सांग. ती तुझे ऐकते, असा (तुझा) समज आहे.

ता. क. दुसरा. पत्र टपालात टाकायला निघालो, तोच इंदिरेने आडाचे पाणी गाळायचे पांढरे फडके पुढे धरले. त्यावर निळसर झाक आहे. तिने तुळशीचे रोप उपटून कुंडीत लावले आणि हिंदुरावाला निरोप धाडला. पिण्याचे पाणी शेजारून आणवले आहे. पण सुधा आल्यापासून आडाचेच पाणी पीत होती. तिला अजून सांगितलेले नाही. माधव, मला फार भीती वाटते. ये.