क्लाइवचे बूट

प्रिय क्लाइव,

तुझं पत्र येऊन दहा दिवस झाले. उत्तराला उशीर का झाला ते शेवटी सांगते. गॅरेजमधले तुझे चामड्याचे बूट वेलिंग्टनला पाठवून दे म्हणतोस, कारण तू आणि वेंडी मे महिन्यात स्पेनमधली ती आठशे किलोमीटरची वाट चालणार आहात आणि नव्या बुटांनी तुझ्या टाचा सोलल्यात. तर माझीही बातमी ऐक. मीही चाललेय. त्याच वाटेनं.

हसू नकोस. सहा वर्षांपूर्वी याच वाटेसाठी आपली दोघांची तिकिटं काढून झाली होती आणि याच टेबलावर मटण कापता कापता तू म्हणालास, "ग्लेनिस, दारातल्या पत्रपेटीपलीकडे तुझ्याच्यानं चालवायचं नाही. उगाच लोकांत माझं हसं." माझं तिकीट रद्द केलंस आणि पंधरा दिवसांत घरातल्या सपाता पायात, तसाच वेंडीकडे निघून गेलास. लोक म्हणाले, सुंठीवाचून खोकला गेला. मला नाही तसं वाटलं. वर्षभर रडले, मग राग आला, तो अजून गेलेला नाही.

नोव्हेंबरपासून रोज सकाळी फ्लॅगस्टाफची टेकडी चढते. पहिल्या दिवशी पाठपिशवीत दहा किलो बटाटे भरले आणि अर्ध्या वाटेतच बसकण मारली. शेजारची मेरेआना कुत्र्याला घेऊन वरून उतरत होती. म्हणाली, "अगं बाई, बटाट्यांना हवा खायला आणलंस होय?" आता पाण्याच्या बाटल्या नेते. चढताना भरलेल्या, माथ्यावर ओतून द्यायच्या, म्हणजे उतरताना गुडघे वाचतात. ही युक्ती तू तुझ्या डोंगरभटक्यांच्या क्लबातल्या प्रत्येक नव्या बाईला शिकवलीस, मला सोडून. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक वस्तू तोलली. दातांचा ब्रश अर्धा कापला, टॉवेल अर्धा फाडला. सगळं मिळून साडेसहा किलो. मेरेआना म्हणाली, "आणि नवऱ्यावरचा राग? तो नाही धरलास वजनात?" म्हटलं, तो धरला तर विमानात घेणार नाहीत.

एक गोष्ट तुला कधी बोलले नाही. डोंगरातल्या प्रत्येक खोपीत वही असते, आलेल्यानं त्यात नाव लिहायचं, म्हणजे कोणी हरवलं तर शोधता येतं. सत्तावीस वर्षं तू लिहीत आलास, 'क्लाइव टेलफर्ड आणि आणखी एक.' त्या पावसात नदी चढली, मी पलीकडच्या काठावर अडकले, तेव्हाही वहीत तेच होतं. शोधायला आलेल्या माणसांनी मला विचारलं, "बाई, तुमचं नाव काय?" क्लाइव, त्या थंडीत मला नदीपेक्षा त्या प्रश्नाचंच जास्त रडू आलं होतं.

आता बुटांचं. तुझं पत्र आलं त्याच दुपारी बादलीत कोमट पाणी घेतलं आणि ते बुडवून ठेवले. सतरा वर्षांत तुझ्या डाव्या अंगठ्याच्या वाढलेल्या हाडानं चामड्याला जो फुगवटा आणला होता, तो लाकडी चमच्याच्या दांड्यानं आतून दाबून, बाहेरून ठोकून सपाट केला. मग लोकरीचे मोजे चढवले, ओलेच बूट घातले आणि वाळेपर्यंत चार दिवस टेकडी चढत राहिले. चामडं असंच पायाला बसवतात, हे तुझंच शिकवणं. माझ्या पावलांना तू होडीची वल्ही म्हणायचास ना? तुझ्याच मापाची आहेत ती. एक फोड आला नाही. आता ते तुला पाठवले तरी तुझ्या पायाला ओळखणार नाहीत, म्हणून पाठवत नाही. तू दहा मेला निघणार, मी पाचला. तिथेही मुक्कामाच्या ठिकाणी वह्या असतात म्हणे. रोज संध्याकाळी नव्या बुटांत लंगडत पोचशील, नाव लिहायला पान उलटशील, तेव्हा तुझ्याआधीचं वाच, म्हणून हे पत्र. प्रत्येक वहीत एकच ओळ असेल: ग्लेनिस टेलफर्ड, डनीडिन. एकटी. बूट उत्तम.

तुझीच,
आणखी एक