निळी भिंत, कोमट बियाणं

७ डिसेंबर, रविवार
कामठ्याला बाईच्या बियाण्याच्या खोलीची उत्तरेची भिंत पुन्हा ओली. सकाळी बाईचा फोन, दुपारी तिच्या मुलाने, प्रमोदने, हात लावून खात्री केली. पाऊस नाही. जवळपास नळ नाही. छताला तडा नाही.
गावातल्या बऱ्याच घरांचं चिन्नोर धानाचं बियाणं माझी ही थोरली बहीण सांभाळते. सासूनंतर तिच्याकडे आलेलं काम. प्रमोदने जुनी मातीची खोली पाडून आईसाठी सिमेंटची बांधली, आणि त्याच वर्षीच्या बियाण्याचे पऱ्हे, म्हणजे कोवळी रोपं, वाफ्यात विरळ आले. कोणी भांडलं नाही. दुलीचंद, त्यांचा शेजारी, आज एवढंच म्हणाला, "बाई, खोली बेस झाली जी. बी मात्र निंघून नाई राहिली."
संक्रांतीपर्यंत वाट पाहतो म्हणाला. मग आपली पोती उचलणार. त्याने उचलली की बाकीचेही उचलतील. बाईने हे सगळं बातमी वाचावी तसं सांगितलं. काळजी वाटली ती त्यामुळेच.

८ डिसें., सोम.
जेवताना रश्मीला सांगितलं. लेक पॉलिटेक्निकला इमारत-बांधणी शिकवते, त्यामुळे ओली भिंत म्हटल्यावर ताटावरून उठायच्या आत तिचं निदान तयार: पाया कच्चा, जमिनीतून पाणी वर चढतं. मी म्हटलं, दुसरं सूत्र कोणतं? हसली. पेपरच्या डेस्कवरून निवृत्त झालो तरी सवय जात नाही.
तिच्याकडे विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातला उरलेला एक डबा आहे. उष्णतेने बदलणारा रंग. गार असला की गडद निळा, कोमट झाला की पांढरट. "बाबा, तो ओल दाखवत नाही. गारवा कुठे आहे ते दाखवतो. ओल आपण हाताने बघायची." हे वाक्य लिहून ठेवतो. पुढे गोंधळ होईल तो इथेच.

१० डिसें., बुध.
प्रमोद, रश्मी आणि मी, तिघांनी मिळून उत्तरेची भिंत रंगवली. प्रमोदने बांधतानाच आतून ऑइलपेंट मारलेला, चकचकीत, हिरवा. त्यावर आता निळा. बाई दारात उभी. "अजून होळीले टाइम हाय ना वं?"
रश्मी: "आत्या, ही भिंत आता बोलंल."
बाई: "बोलणारे काय कमी हायेत घरात."

११ डिसें., गुरु.
प्रमोदचा फोन. सगळी भिंत निळीच्या निळी. म्हणजे थंडीच आहे, त्यात नवल काय. पण सकाळी बाईने भिंतीला तळवा टेकला, काढला, तर पांढरा हात उमटलेला. थोड्या वेळात विरून गेला. मग आजूबाजूच्या बाया आल्या, सगळ्यांनी हात लावले. दुलीचंदनेही. प्रमोद म्हणाला, "मामाजी, जत्रा भरली इथं. दुलीचंदकाका दोन्ही हात लावून उभा." फोनमध्ये मागून बाईचं हसणं ऐकू आलं, बऱ्याच दिवसांनी.

१४ डिसें., रवि.
आज खरं काम. सकाळी स्कूटरने र. आणि मी. बियाण्याला शेवटचं ऊन देण्याचा दिवस. अंगणात ताडपत्र्या, दिवसभर पायाने धान उलटणं. मीही उलटलं, कंबर बोलते आहे.
ऊन कलायच्या आधी बाईची घाई सुरू. बियाणं गरम असतानाच पोत्यात, पोती गरम असतानाच आत, आणि दार बंद. हीच रीत. ऊन सोबत आत गेलं पाहिजे. गारठलेलं बियाणं आत नेलं तर ते आत जाऊन झोपतं, असं तिची सासू म्हणायची.
दिवेलागणीला र. ने दार उघडायला लावलं. दोन पोती पुढे ओढली. मागे भिंतीवर पोत्यांचेच आकार उमटलेले, पांढरे, खांद्याला खांदा लावून बसल्यासारखे. त्यांच्या वर छतापर्यंत भिंत निळी. आणि त्या निळ्यावर बारीक दव. पांढऱ्यावर हात फिरवला, कोरडा. निळ्यावर, ओला. खाली जमिनीलगत कोरडं.
र. ने जमिनीलगत पुन्हा एकदा हात फिरवला. मग: "पाया नाही, बाबा. मी चुकले. पाणी धानातूनच निघतंय."
गरम बियाणं वाफ सोडतं. बंद खोलीत वाफेला जागा नाही. सगळ्यात गार जागी, म्हणजे वरच्या भिंतीवर, ती पाणी होते. तिथून ओघळून पोत्यांच्या मागे. भिंतीला लागून असलेल्या पोत्यांची पाठ मागच्या वर्षी बुरसलेली होती, हे बाईलाच आठवलं.

१५ डिसें., सोम.
काल परत निघताना झालं ते लिहायचं राहिलं. र. ने थेट सांगून टाकलं की रीतच चुकीची आहे, बियाणं रात्रभर बाहेर गार करून मगच आत न्या.
बाई: "तू शिकून राहिली का शिकवून राहिली वं?"
र.: "आत्या, भिंतीनंच दाखवलं ना."
बाई: "भिंत कालची. रीत माह्या सासूच्या सासूची."
  स्कूटर घराजवळ आल्यावर र. म्हणाली, मी बरोबर होते पण वाईट बोलले. मी म्हटलं, मजकूर ठीक, मथळा चुकला.

१८ डिसें., गुरु.
बाईचा फोन नाही. प्र. म्हणतो, भिंत रोज पुसते. कोरड्या फडक्याने. 
विचार करतो आहे. रीत चुकीची असती तर इतकी वर्षं बियाणं कसं जगलं? जुन्या खोलीत शेण-मातीने लिंपलेली बांबूची ढोली, म्हणजे कणगी, होती. मातीच्या भिंती. वाफ माती पिऊन टाकायची, दिवसा सोडून द्यायची. ऑइलपेंट काही पीत नाही. रीत त्या घराची होती, घर बदललं. र. ला बोलून दाखवलं. म्हणाली, हे आत्याला तुम्ही सांगा, मी नाही.

२१ डिसें., रवि.
एकटाच गेलो. सांगितलं. बाईने भाजी निवडता निवडता ऐकलं. शेवटी: "म्हंजे सासू बी खरी, पोरगी बी खरी. मंग खोटं कोन, मी?"
मी: "खोटं कोणीच नाही गं."
बाई: "असं तुह्या पेपरात चालते. इथं नाई."
पण उठली. सपरीत, म्हणजे पडवीत, एका कोपऱ्यात जुनी ढोली पडली होती, लिंपण तडकलेली. प्र. ला माती आणायला लावली. ठरवलं ते असं: दुसऱ्यांचं बियाणं पुन्हा उन्हात तापवायचं आणि जुन्या रीतीने ढोलीत. स्वतःचं मात्र सपरीत रात्रभर गार करून सिमेंटच्या खोलीत.
"लोकाच्या बीवर मी शिकत नाई," म्हणाली.
प्र. हळूच म्हणाला, "चमकावं म्हणून ऑइलपेंट मारला होता, मामाजी." बाईने ऐकलं. "चमकते ना मंग. चमकू दे."

२८ डिसें., रवि.
र. सोबत आली. बरोबर तिळाचे लाडू. आत्याने लाडू घेतले, तिच्याकडे पाहिलं नाही, पण चहात साखर तिच्या मापाची.
ढोलीचं लिंपण वाळलं, भरली, तोंड लिंपून बंद. खोलीत बाईची पोती, भिंतीपासून हातभर पुढे, खाली लाकडी फळ्या. संध्याकाळी दार उघडलं. भिंत पूर्ण निळी, एकही पांढरा आकार नाही. र. ने हात लावला नाही. आत्याकडे पाहत राहिली. बाईने लावला, वर, कोपऱ्यात, खाली. तळवा कोरडा. "हं."
एवढंच. तिचा पांढरा हात कोपऱ्यात थोडा वेळ होता.

४ जानेवारी, रवि.
थंडी कडक. भिंत कोरडीच, रोज सकाळी प्र. चा फोन. पण र. म्हणते आणि बाईही म्हणते, आणि या एका गोष्टीवर दोघींचं जमतं: भिंत कोरडी म्हणजे बियाणं जिवंत, असं नव्हे. सुरुवातीला ओल लागली त्यात काय बिघडलं, ते भिंत सांगणार नाही.
दुलीचंद आज अंगणात आला. "मंग बाई, काय ठरलं?"
"तुह्यी संक्रांत कुठं पळून चालली का?"

७ जाने., बुध.
बाईने दोन ओल्या फडक्यांत बियाणं बांधलं. एक ढोलीतलं, एक खोलीतलं. खोलीतलं मुद्दाम त्या पोत्यातलं, जे डिसेंबरात भिंतीला टेकून होतं. र. ने फोनवर सुचवलं होतं की चांगल्या पोत्यातलं घे. बाई म्हणाली, "चांगलं पाहाले परीक्षा कायले पायजे?" दोन्ही पुरचुंड्या चुलीजवळ, मडक्यात.

१० जाने., शनि.
प्र. ला विचारलं, डोकावून पाहिलंस का? "आई मडक्याले हात लावू देत नाई." पाणी शिंपडते, झाकते.
उद्या सकाळी फडकी उघडणार. दुलीचंदला समोर बसायला सांगितलं आहे, आणि बाकीच्या घरांनाही. कोंब निघाले तर कोणाचंही बियाणं जागचं हलणार नाही. नाही निघाले तर बाई स्वतः ज्याचं त्याचं बियाणं पोत्यात भरून दारात ठेवणार, हे तिने आधीच सांगून टाकलं.
र. लाही बाईचा निरोप आला, थेट तिलाच, माझ्यामार्फत नाही: पोरी, लवकर ये, फडकं तुह्या हातानं सोडायचं हाय.
आम्ही सकाळी सातला निघतो.